आडमुठी काच

मुकादम आला तेव्हा उन्हं डोक्यावर होती आणि ढिगावरच्या काचांकडे बघवत नव्हतं.

तो असा कधी येत नसे. काचतुकड्याची ट्रॉली भरायची, भट्टीच्या फाटकाबाहेर रांगेत उभं राहायचं आणि त्याने आतून हात हलवला की आत शिरायचं, अशी इतक्या वर्षांची रीत. तोच आपल्या पायांनी दारात आला म्हटल्यावर काही बरं ऐकवायला आलेला नसणार, एवढं सुनेला कळलं. तिने हातातली बाटली टोपलीत ठेवली, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं. हाक काही बाहेर पडली नाही. गेल्या पावसाच्या शेवटी तिची तान्ही मुलगी तापाने गेली, तेव्हापासून तिचा आवाज असाच घशात बसलेला. शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच. तिने पडवीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

नवरा ओल्या तोंडाने बाहेर आला. "या मुकादम, बसा. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. आधी हे बघ."

मुकादमाने पिशवीतून एक बाटली काढली. नवी, बिनरंगी पांढरी, अजून कुणी तोंड न लावलेली. ती त्याने उन्हात धरली. बाटलीच्या पोटात, काचेच्या आतच, हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. पाण्यात दगड पडल्यावर उठावीत तशी त्याच्याभोवती एकात एक वर्तुळं, जागच्या जागी गोठलेली.

"गाठ," नवरा म्हणाला. त्याचा आवाज पडला.

"गाठ. आणि ही एकटी नाही, हिच्या बहिणी आधीच पुढे गेल्या. त्यातली एक गरम सरबत भरताना फुटली. भरणाऱ्या बाईचा तळवा उभा फाटला. तिच्या घरी जाऊन आलो, तिथून इथे."

"आमच्याच मालातली कशावरून?"

"त्या पाळीला पांढरा तुकडा तुझा एकट्याचा होता. दुसऱ्याचा असता तर या उन्हात यायची मला काय हौस?"

"चिनी मातीचा कपचा असेल एखादा."

"तो दुधी दिसला असता. ही उकळीची काच. कडेने जरा मऊ झाली आणि बसली रुसून."

उकळीची काच म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. उकळतं पाणी ओतलं तरी जी तडकत नाही ती. चुलीवर चढणारी भांडी, दवाखान्यातल्या नळ्या, तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्या. साध्या काचेचं जिथे पाणी पाणी होतं, तिथे ही ढिम्म बसून राहते. सासूने तिला नाव ठेवलं होतं, आडमुठी. ढिगातून आडमुठी काच निघाली की ती परसाच्या टोकाला, उकिरड्याच्या शेजारच्या खड्ड्यात जाई, फुटक्या कपबशांच्या सोबतीला. "स्वतः वितळायची नाही आणि दुसऱ्याला सुखाने वितळू द्यायची नाही," असं म्हणत सासू ती खांद्यावरून मागे भिरकावी, आणि ती नेमकी खड्ड्यातच पडे.

मुकादम कपाळ पुसत पडवीच्या सावलीला आला. "मालक रोज म्हणतो, तुकडा बंद करा, नुसती वाळू घाला. मीच भांडतो. म्हणतो, मालक, तुकडा घातला की भट्टीची भूक कमी होते, जळण वाचतं, आणि गावोगावच्या नाल्यांत गुरांचे पाय कापत पडायची ती काच कामाला येते. तोही ऐकतो. पण अशी एक गाठ निघाली की ती माझ्या नाकासमोर धरून म्हणतो, हे बघ तुझं वाचलेलं जळण! आता मी काय बोलू?"

त्याने बाटलीतल्या गाठीवर नख वाजवलं.

"पुढची ट्रॉली मी स्वतः तपासणार. वरची टोपली, मधली टोपली, तळाची टोपली. एक आडमुठी निघाली तर तुमच्यासाठी फाटक बंद. एकदा बंद म्हणजे बंद." मग त्याने विचारलं, "पांढऱ्या ढिगावर बसतं कोण?"

नवऱ्याची नजर नकळत वळली. ढिगाच्या पायथ्याशी, पोत्यावर मांडी घालून म्हातारी बसली होती. एका हातात तुकडा, दुसऱ्या हाताच्या बोटात लोखंडी वेढं. तेच वेढं काचेवर वाजवून ती साधी आणि आडमुठी वेगळी करायची.

"आजी? यांना दिसतं का अजून?"

एरवी म्हातारीने त्याला उभा सोलला असता. तुझ्या मिशीत काल काय अडकलं होतं ते सांगू का, म्हणाली असती. याच मुकादमाला तो नवा असताना तिने काच ओळखायला शिकवली होती. सून वाट बघत राहिली. पण म्हातारी खाली मान घालून बसली होती, आणि वेढ्याचा आवाज मघाशीच थांबला होता.

"उद्यापासून आजींना पांढऱ्यावर बसवू नकोस," मुकादम म्हणाला. गाठीची बाटली त्याने पुन्हा पिशवीत घातली आणि चहा न घेताच निघून गेला.

"तुला किती वेळा म्हटलं, डोळे दाखवून घे," नवरा आईवर खेकसला.

"बरं," म्हातारी म्हणाली.

"बरं? एवढंच?"

"मग काय नाचू?" ती हाताचा टेका घेत उठली. बोटातलं वेढं निघता निघेना. थुंकी लावून तिने ते ओढून काढलं, सुनेच्या तळव्यावर ठेवलं आणि पाण्याच्या टाकीकडे लेबलं सोलायला गेली.

वेढ्याच्या जागी तिच्या बोटावर पांढरी वळी उठली होती.

*

पांढरा ढीग आता सुनेच्या वाट्याला आला. दिवस उजाडायच्या सुमाराला बसायचं आणि काच हाताला चटके देऊ लागली की उठायचं. तुकडा उचल, वाजव, उजेडाकडे धरून कड बघ. साध्या काचेची जाड कड हिरवट दिसते, विहिरीच्या पाण्यासारखी. आडमुठीची कड पांढरीच्या पांढरी. साधी वाजते ती टण्ण करून गप्प होते. आडमुठी बारीक वाजते, आणि वाजत राहते.

समोर टाकीपाशी म्हातारी बाटल्यांवरचे भिजलेले कागद नखाने काढत बसे. हे काम घरात नव्या आलेल्या माणसाचं. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने ते केलं होतं. येणारीजाणारी बघत. परवा बाटल्या द्यायला आलेली एक शेजारीण हसून म्हणालीच, "काय आजी, बढती झाली वाटतं?" म्हातारी म्हणाली, "हो. आता माझं लग्न ठरवा." शेजारीण पोट धरून हसली. सुनेला मात्र हसू आलं नाही.

तिला म्हातारीचं वाईट वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. चुकलं तर चुकलं, भांडायचं तरी. पण म्हातारी तिच्या नजरेला नजर देत नव्हती.

काम करताना सुनेला एक सवय होती. हात चालले की मन नदीपलीकडे जाई.

झालं होतं असं. मुलगी झाली तेव्हा सुनेला अंगावर दूध आलंच नाही. मग काचेची बाटली आणली. मधे कंबर असलेली, इवल्या हातांत मावेल अशी, अंगावर हिरव्या रेघांची मापं. मुलीचं नाव ठरेपर्यंत आजीने तिला ठकी म्हणायला सुरुवात केली आणि मग ठरलेलं नाव कुणी घेतलंच नाही. सुनेने पाजायला घेतलं की ठकी बाटली तोंडात धरायची नाही, मान फिरवायची. आजीच्या मांडीवर मात्र घटाघटा. "आडमुठी आहे कार्टी," म्हातारी कौतुकाने म्हणे, "हिला भट्टीत सुद्धा घेणार नाहीत." चौथ्या रेघेपर्यंत दूध प्यायली की आळीभर सांगून येई.

ठकी गेल्यावर तिचे कपडे, दुपटी सगळं हळूहळू घरातून गेलं. बाटली राहिली. ती दिसली की सून हातातलं काम तिथेच टाकून बाहेर निघून जाई. एक दिवस म्हातारी म्हणाली, "मी बघते," आणि बाटली घेऊन नावेने नदीपलीकडच्या वस्तीत गेली. संध्याकाळी परत आली ती रिकाम्या हातांनी.

"दिली?" सुनेने दारातच विचारलं होतं.

"दिली. एका बाळंतिणीला. तिलाही अंगावर दूध नाही."

त्या एका गोष्टीवर सुनेने हिवाळा काढला. अधूनमधून तिच्या तोंडून निघून जाई, "आई, ते बाळ आता पालथं पडत असेल नाही?" म्हातारी म्हणे, "पडतं की." पुढे, "बसतं का हो?" "बसतं. तक्क्याला टेकून." कधी दात आले, कधी त्याला खोकला झाला आणि बराही झाला. ठकी असती तर जे जे ज्या ज्या महिन्यात करती, ते ते ते बाळ करत होतं. सुनेने अजून त्याला पाहिलं नव्हतं. नदीला पाणी होतं आणि नावेत बसायचं तिला भय. या उन्हाळ्यात नदी आटून पांढरी पडली तेव्हा ती म्हणाली होती, "आई, आता पायीच जाता येईल. एकदा दाखवा ना मला."

"जाऊ. एवढी ट्रॉली जाऊ दे," म्हातारी म्हणाली होती.

ती ट्रॉली गेली. आणि तिच्यातूनच ही गाठ आली.

*

ढीग बराचसा उपसला होता. सुनेने खालचा एक वाकडा तुकडा उचलला, वेढ्याने वाजवला. बारीक वाजला आणि वाजत राहिला. आडमुठी. तिने सासूसारखाच हात मागे नेला भिरकावायला, आणि हात तिथेच राहिला.

तुकड्याला कंबर होती.

तिने तो पुढे आणला, अंगठ्याने माती पुसली. हिरवी रेघ. उकळून उकळून अर्धी गेलेली, अर्धी राहिलेली. रेघेजवळचा आकडा उलटा धरूनही तिला वाचता आला असता.

अशी बाटली जगात एकच नसते, असं तिने स्वतःला सांगितलं. कुणाच्याही घरून आली असेल. तिने शेजारची काच उकरली. तळाचा एक तुकडा मिळाला. तळाला काळा डाग होता. एकदा पातेल्यातलं पाणी आटून बाटली करपली होती तो डाग. किती घासला होता तिने.

ती उठली. टाकीपाशी जाऊन सासूच्या शेजारी उकिडवी बसली.

"आई, नदीपलीकडचं बाळ आता काय करतं?"

म्हातारीचे हात पाण्यात चालतच होते. "काय करायचं... धरून उभं राहतं."

"दूध बाटलीनेच पितं अजून?"

"पितं की."

सुनेने मूठ उघडली.

म्हातारीला लांबचं दिसत नसे, पण हे तिने बघितलंही नाही. ओला हात पुढे केला, तुकड्यावरून बोट फिरवलं, कंबरेच्या वळणावर थांबलं, आणि तिचं तोंड एकदम लहान झालं.

"कुणी घेईना गं," ती म्हणाली. "सगळी वस्ती फिरले. एकीने दारच लावलं. एक म्हणाली, गेलेल्या पोरीची बाटली माझ्या पोराच्या तोंडाला लावू होय? तिचंही काय चुकलं. परत आले तर तू दारात. म्हणालीस, दिली? तुझं तोंड बघितलं आणि म्हटलं, दिली. एवढंच बोलणार होते मी. पुढे तू विचारत गेलीस आणि ते वाढत गेलं."

"बाटली कुठे होती?"

"माझ्या अंथरुणात. उशाला. मग नदी आटली. तू म्हणालीस, दाखवा. म्हटलं, आता ही घरात सापडता कामा नये. खड्ड्यापाशी घेऊन गेले. तिथे कुत्रं बसलेलं, कुणाची फुटकी कपबशी, राख. हात होईना बाई. माझ्या मांडीवर प्यायली ती हिच्यातून. उकिरड्यावर टाकू?"

"म्हणून पांढऱ्यात घातलीत."

"फोडली आणि घातली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, वितळत नाही ते?"

"माहीत नसायला काय झालं. मीच शिकवलं सगळ्यांना." म्हातारीने ओल्या हाताने नाक पुसलं. "वाटलं, एवढी मोठी भट्टी. एवढंसं लेकरू ते. सांभाळून घेईल. बाकीच्यांत मिसळेल, कुणाच्या तरी घरी जाईल, कुणी त्यातून पाणी पिईल. मी खोटं बोलले ते तेवढं तरी खरं होईल. त्या बाईचा हात फाटेल हे कुठे माहीत होतं मला..."

टाकीत सुटलेले कागद तरंगत होते. सून त्यांच्याकडे बघत राहिली. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आत रागाला जागाच नव्हती. नदीपलीकडचं बाळ धरून उभं होतं, ते तिच्या डोळ्यांसमोर हात सोडून खाली बसलं, आणि मग दिसेनासं झालं.

"त्याचं नाव काय ठेवलं होतंत?" तिने विचारलं.

"कुणाचं?"

"त्या बाळाचं."

म्हातारीने मान हलवली. "नाव नव्हतं. मुलगा की मुलगी, तेही ठरवलं नव्हतं. तू कधी विचारलं नाहीस."

"मी मुलगी धरली होती," सून म्हणाली.

मग सुनेने बोटातलं वेढं काढलं, म्हातारीचा सुरकुतलेला, गार हात घेतला आणि ते तिच्या बोटात चढवलं. "उठा. अजून बाकीचे तुकडे आहेत खाली. मला एकटीला नाही सापडायचे."

*

नवरा हातगाडी ढकलत आला तेव्हा आई पांढऱ्या ढिगावर बसलेली बघून लांबूनच ओरडू लागला. "काय सांगितलंय मुकादमाने? आपल्या पोटावर पाय आणायचाय का तुला? काय गं, तू तरी..."

सुनेने पोत्यावर मांडलेले तुकडे दाखवले. तळ, कंबर, गळ्याचा आटे असलेला भाग. त्यांच्या मधे जागा सोडून, जसे होते तसे मांडलेले.

तो वाकला. त्याने गळ्याचा तुकडा उचलला. हाच माणूस ठकी गेल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन फेरीला गेला होता आणि गल्लीगल्लीत नेहमीसारखा "काऽच, बाटलीऽ" ओरडून आला होता. लोक म्हणाले, बापाचं काळीज दगडाचं. आता त्याने तो तुकडा ओठांपाशी नेला, लगेच खाली घेतला, आणि कुणी बघितलं तर नाही ना अशा नजरेने इकडेतिकडे पाहिलं. मग मटकन ढिगाच्या कडेला बसला, हातमोजे काढले आणि काचेत हात घातले.

"मोजे घाल, मेल्या," म्हातारी म्हणाली. "माझ्या चुकीपायी तुझे हात नकोत."

"घालतो," तो म्हणाला, आणि घातले नाहीत.

ढीग त्यांनी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर केला. टोपली टोपली करून, प्रत्येक तुकडा म्हातारीच्या वेढ्याखालून. ती डोळे मिटून वाजवत होती. टण्ण. टण्ण. टण्ण. मधेच एखादा बारीक आवाज उठला की तिघांचेही हात थांबत. तुकडा सुनेकडे जाई. ती तो पुसून पोत्यावर त्याच्या जागी ठेवी. घामाने डोळे चुरचुरत, बोटांना चिंध्या बांधलेल्या, वारा सुटला की काचेची भुकटी दातांखाली कचकचे. एकदा नवरा म्हणाला, "चौथी रेघ कुठे आहे?" आणि सुनेने बोटाने दाखवली.

ढिगाची जमीन लागली. पोत्यावर बाटली जवळजवळ पुरी झाली होती. पोटापाशी एक भोक राहिलं होतं. तिथे जे होतं ते आधीच्या ट्रॉलीबरोबर गेलं होतं.

*

भट्टीच्या फाटकाशी उभं राहिलं तरी तोंड भाजतं. आतून भट्टीची घरघर येत होती, एखादं मोठं जनावर झोपेत श्वास घेतं तशी. मुकादमाने वरची टोपली पत्र्यावर ओतली. मग ट्रॉलीत चढून मधली काढली. तळाची काढायला दोन माणसं लागली. चष्मा लावून तो एकेक तुकडा उजेडाला धरत राहिला. नवरा उभ्या उभ्या आपल्याच बोटाची साल काढत होता. म्हातारी ट्रॉलीच्या चाकाला टेकून, कान देऊन उभी.

शेवटी मुकादमाने चष्मा काढला. "हं. घ्या आत."

ट्रॉली आत निघाली.

"पण मला एक कळू दे," मुकादम म्हणाला. "ती गाठ गेली कुणाच्या हातून? आजीच ना?"

म्हातारीने तोंड उघडलं. पण त्याआधी सून पुढे झाली होती.

"माझ्या," ती म्हणाली.

"काय? मोठ्याने बोला."

"माझ्या हातून. आईंचा हात काचेला कधी चुकलेला नाही. लक्ष माझं नव्हतं."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हातारीने तिचा दंड धरला, "अगं..." तिने सासूचा हात दंडावरच दाबून धरला आणि मान हलवली.

मुकादमाने चष्मा खिशात घातला. "मग आजींना उगाच बोललो मी," तो पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, "बाईचा हात फाटलाय, लक्ष नव्हतं म्हणून कसं चालेल? पुन्हा पांढऱ्या ढिगाला हात लावायचा नाही तुम्ही. गाडी ढकला, फेरी करा, काय करायचं ते करा. आजी बसतील ढिगावर."

"बरं," सून म्हणाली. मग म्हणाली, "ती बाटली द्याल?"

"कोणती?"

"गाठीची."

"तिचं काय करणार? परत भट्टीत घालून उपयोग नाही. काच वितळेल, तो खडा पुन्हा तसाच राहील."

"म्हणूनच."

त्याला काही उलगडलं नाही. पण त्याने खोलीतून ती बाटली आणून दिली. सुनेने ती पोटाशी धरली. मग पत्ता विचारून तळवा फाटलेल्या बाईकडे त्या दोघी गेल्या. त्या घरी काय बोलणं झालं ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. म्हातारी पुढे कितीतरी दिवस त्या बाईची धुणी धुवायला जात होती, एवढंच त्याला दिसलं.

*

फेरी आता सुनेची. नवरा घरी बाटल्या धुवायचा, आणि म्हातारी पांढऱ्या ढिगावर बसून त्याला पूर्वीसारखी नावं ठेवायची. बोटात वेढं होतं.

पण फेरीवाल्याला आवाज लागतो. पहिल्या दिवशी सून गल्लीगल्लीत मुकाट गाडी ढकलत गेली आणि जवळजवळ रिकामी परत आली. दारं बंदच राहिली. आतल्यांना कळणार कसं?

दुसऱ्या दिवशी तिने पोत्यावरचे तुकडे उचलले. काडीने रेटून, एकेक करून गाठीच्या बाटलीत उतरवले. गळ्यातून जात नव्हते ते फडक्यात गुंडाळून आणखी बारीक केले. तेवढं करताना तिने डोळे मिटले होते. तोंडाला चिंधीचा बोळा घट्ट बसवला आणि बाटली सुतळीने गाडीच्या दांड्याला बांधली.

गाडी निघाली. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक दगडाला आतली काच हलत होती. बारीक आवाज, आणि वाजत राहणारा. म्हातारीने ढिगावरून मान वर केली. आवाज लांब जाईपर्यंत तिने पुढचा तुकडा उचलला नाही.

पहिल्या गल्लीच्या तोंडाशीच एक दार उघडलं. आतून हातांत दोन बाटल्या घेतलेली बाई बाहेर यायच्या आधी तिच्या पायांमधून एक पोर बाहेर पडलं. नुकतंच चालायला लागलेलं, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, पाऊल कुठे टाकावं ते न ठरलेलं. ते सरळ गाडीपाशी आलं आणि दांड्याला लटकलेली बाटली त्याने दोन्ही हातांत धरून हलवली.

"अगो बाई," त्याची आई हसत म्हणाली, "खुळखुळाच वाटला की हिला! कधीची कान टवकारून बसली होती."

पोरीने पुन्हा हलवली. बाटली वाजली. ती खुदकन हसली.

सून गाडी सोडून खाली बसली. पोरीच्या मुठीखाली तिने आपला चिंध्या बांधलेला तळवा धरला.

"हळू गं," ती म्हणाली. आवाज मोठा आला, दारातल्या बाईलाही स्पष्ट ऐकू गेला. "हळू. आत काच आहे."